पोरांच्या हातात पैसे देताय? मग या चुका टाळा

आमची मोठी तिसरीत आहे, धाकटा पहिलीत. जूनपासून मोठीला दर रविवारी २० रुपये द्यायला लागलो आणि पहिल्याच रविवारी तिनं सांगलीच्या गणपती मंदिराबाहेर लाइटचा भोवरा घेतला, घरी येईपर्यंत लाइट बंद, मग रडारड, आणि आजोबांनी लगेच खिशातून दुसरे २० काढून दिले. सगळ्यात मोठी चूक हीच. संपले तर कुणीतरी देतंच, एवढंच ती त्यातून शिकली. आता घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, लाड करा, भडंग आणा, पण संपलेले पैसे भरून द्यायचे नाहीत. पुढचा रविवार येईपर्यंत थांबू दे की.

दुसरं म्हणजे सगळं पेमेंट मोबाईलवरून करणं. परवा धाकट्याला म्हटलं आत्ता पैसे नाहीत रे, तर म्हणतो, "मग स्कॅन कर ना मम्मी." त्याला पैसे जाताना कधी दिसलेच नव्हते. तेव्हापासून त्याच्या वस्तूंना रोखच देते. ५० ची नोट त्याच्या हातात, ३८ चं सामान, परत आलेले १२ तिथंच काउंटरवर मोजायचे, मागं लोक थांबले तरी थांबू देत.

किराणा दुकानात वहीवर उधारी चालत असेल तर दुकानदाराला स्पष्ट सांगा की पोरांच्या नावावर काही लिहायचं नाही. "काका लिहून ठेवा" म्हणत कुरकुरे नेणारी पोरं मी आमच्याच गल्लीत बघितलीत.

पाढे म्हटले की १० रुपये, ताट उचललं की ५, हे पण नको, मग पाणी आणून द्यायलाही किती देणार विचारतात. आणि पाहुण्यांनी जाताना हातावर ठेवलेले पैसे "दे, मी ठेवते" म्हणून घेतले तर ते मुलासमोर वहीत लिहा, नाहीतर भाजीत जातात आणि आपण विसरतो, मुलं विसरत नाहीत.

आता शाळेतला बाल बाजार. आपल्याकडं झेडपीच्या शाळांत हा खूप ठिकाणी भरतो आणि पैसे शिकवायला याच्यासारखं दुसरं काही नाही, पण आपणच त्याची माती करतो. माल आपण आणून देतो, त्याचा खर्च कुणी धरत नाही आणि शेवटी उरलेलं सगळं मावशी-काकू विकत घेतात. आमचीनं कोथिंबीर विकली. १५ जुड्या ५ रुपयांनी आणल्या, १० ला एक विकायची. १२ गेल्या, ३ उन्हानं मान टाकून पडल्या. मी त्या घेतल्या नाहीत, जीवावर आलं पण नाही घेतल्या. "मम्मी १२० रुपये कमावले!" म्हणत पळत आली, मग रात्री पाटीवर लिहायला बसवलं, आणायला ७५ गेले, राहिले ४५. बराच वेळ गप्प बसली आणि मग तिनंच विचारलं, त्या ३ पण विकल्या असत्या तर ७५ राहिले असते ना? आणि लगेच म्हणाली पुढच्या वेळी ओलं फडकं न्यायचं.

गल्ला भरतच ठेवणं, कधीच न फोडणं, हे पण चुकतं. कशासाठी साठवतोय ते ठरलेलं पाहिजे. आमच्याकडं १८० ची कंपासपेटी ठरली, म्हणजे ९ रविवार, कॅलेंडरवर फुल्या मारून.

आणि खातं. पोस्टात १० वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बचत खातं स्वतःच्या नावावर काढून स्वतः चालवता येतं, ५०० रुपयांत उघडतं, व्याज सध्या वर्षाला ४ टक्के. बँकांनाही रिझर्व्ह बँकेची १० वर्षं पूर्ण झालेल्या मुलांसाठी अशी परवानगी आहे, मर्यादा ज्या त्या बँकेची. त्याआधी पालकांच्या सहीनं काढता येतं, पण मग पासबुक आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवू नका, स्लिप त्यांना भरू द्या, खाडाखोड झाली तर दुसरी घ्या. मोठीला १० पूर्ण व्हायला अजून दीड वर्ष आहे, गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर सहीची प्रॅक्टिस मात्र आत्ताच चालू झालीय.