पुनर्विकास: सही मागण्याआधी घरोघरी काय विचारायचं

जुन्या सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा बहुतेक वेळा उलटीकडून सुरू होते. आधी बिल्डर, मग नकाशा, मग सह्या, आणि लोकांना काय हवं हे सगळ्यात शेवटी. भांडणं तिथेच पेरली जातात.

पहिलं काम कागदांचं. नागपुरात बऱ्याच इमारती सहकारी सोसायट्या नाहीत, 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या असोसिएशन आहेत. पुनर्विकासाचा 4 जुलै 2019 चा शासन निर्णय (सहकार कायद्याचं कलम 79-अ) सहकारी सोसायट्यांसाठी आहे. असोसिएशनने आपलं डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे इमारत या कायद्याखाली आणणारा नोंदणीकृत घोषणादस्त, वाचावं. भूखंड नागपूर सुधार प्रन्यासच्या (एनआयटी) लीजवर, म्हणजे भाडेपट्ट्यावर, असेल तर लीज कधी संपते तेही पाहा.

मग एक रजिस्टर घाला. दर फ्लॅटला एक ओळ: सभासद कोण, प्रत्यक्षात राहतो कोण, सभासद हयात आहे का, वारसाची नोंद झाली का. आजोबांच्या नावावरचा फ्लॅट नातवाच्या ताब्यात असतो आणि हे मतदानाच्या दिवशी कळतं. त्या शासन निर्णयाप्रमाणे सोसायटीत 48 सभासद असतील तर गणपूर्तीला दोन तृतीयांश म्हणजे 32 जण आणि मंजुरीला एकूण सभासदांच्या 51 टक्के म्हणजे 25 जण लागतात. चार-पाच नोंदी अडकल्या की हे गणित फसतं. भाडेकरूंना मत नाही, पण पाणी कुठे गळतं ते त्यांनाच ठाऊक असतं. त्यांच्याही घरी जा.

घरभेटीला दोघं जा. त्यात एक बाई हवी, आणि एकजण तरी कमिटीबाहेरचा. वेळ संध्याकाळी सातनंतरची, दर घरी पंचवीस मिनिटं. मे महिन्यात दुपारी कोणी दार उघडत नाही, आणि पोळा-मारबतच्या आसपास ठेवलेली बैठक रिकामी जाते. "तुम्हाला काय हवं?" असं विचारू नका, "मोठं घर" एवढंच उत्तर येतं. कूलर कोणत्या खिडकीत आहे, त्यात पाणी कोण आणि कसं भरतं, वड्या-पापड कुठे वाळतात, रात्री स्कूटर कुठे लागते, आजींना किती पायऱ्या चढवतात, हे विचारा. नव्या नकाशात सरकत्या काचेच्या खिडक्या येतात आणि कूलरला जागाच राहत नाही. ही तक्रार ताबा घेतल्यावर कळून उपयोग नाही, आर्किटेक्टकडे ती नकाशाआधी पोचली पाहिजे.

क्षेत्रफळ कागदावर समजत नाही. गच्चीवर चुन्याची फक्की मारून प्रस्तावित स्वयंपाकघर खऱ्या मापाने आखा आणि त्यात ओटा, फ्रिज, सिलिंडर यांच्या जागी खोकी ठेवा. काकू आत उभ्या राहून फ्रिजचं दार उघडून बघतील आणि तिथेच सांगतील, "दार भिंतीला लागतं जी." आकडा सांगाल तो फक्त रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या व्याख्येतला कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ, सांगा. जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटा धरलेला सुपर बिल्टअपचा आकडा एकदा तोंडातून गेला की तो परत घेता येत नाही.

बैठका जिन्यानिहाय घ्या, आठ-दहा घरांच्या. मोठ्या सभेत तेच तिघं बोलतात. प्रत्येक प्रश्न क्रमांकासह वहीत लिहा, समोर उत्तर कोण देणार आणि कधी ते लिहा, आणि आठ दिवसांत ते पान नोटीस बोर्डावर लावा. "नाही जमणार" हेही उत्तर आहे, मात्र कारणासकट. व्हॉट्सअॅपवरचा अंगठा ही संमती नाही. कोऱ्या फॉर्मवरची सही तर नाहीच, आणि बिल्डरच्या जेवणाच्या हॉलमध्ये घेतलेली सही पुढे सगळ्यात जास्त त्रास देते.

विशेष सभेची नोटीस 14 दिवस आधी द्या आणि सभेचं व्हिडिओ चित्रीकरण करा. सोसायटीच्या विकासक (बिल्डर) निवडीच्या सभेला सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयाचा प्रतिनिधी असावा लागतो. विरोधात मत देणाऱ्यांकडे आठवड्याच्या आत तेच दोघं परत जा, आणि घरभेटीची ती वही सोबत न्या.