राउटर टेबल किती सपाट हवं? माझी पट्टी आणि माझी फजिती

सुतारकाम शिकायला लागलो तेव्हा माझं पहिलं राउटर टेबल म्हणजे १८ मिमीची एकच एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली) फळी होती. मध्यभागी भोक, खाली लटकलेला राउटर, म्हणजे फिरत्या पात्याने लाकडात खाच पाडणारं यंत्र. ते पातं, म्हणजेच बिट, भोकातून वर येतं. सुरुवातीला झकास चाललं. काही महिन्यांनी लांब फळ्यांना खाचा पाडायची वेळ आली आणि डोकं फिरायची पाळी आली. लहान तुकड्यावर बिटची उंची लावली की खाच बरोबर ६ मिमी. तीच उंची ठेवून लांब फळी घातली की मधे जेमतेम सव्वापाच, टोकांना मात्र जास्त. दोन दिवस मी बिटलाच दोष देत होतो.

शेवटी टेबलावर पोलादी सरळपट्टी आडवी ठेवली, तर मधोमध तिच्याखालून उजेड दिसला. चाकूचं पातं सहज शिरेल एवढा. राउटरच्या वजनाने फळी खाली झुकली होती. लहान तुकडा त्या खळग्यात बसत होता, म्हणून माप बरोबर. लांब फळी दोन्ही काठांवर पुलासारखी टेकत होती, म्हणून बिट पुरतं पोचतच नव्हतं.

तेव्हा नवीन मंडळींना माझं सांगणं असं, की किती फरक आहे याच्याआधी तो कोणत्या बाजूला आहे ते बघा. टेबल मधे किंचित फुगीर असेल तर फळी बिटपाशी दाबून धरता येते आणि खोली सारखी राहते. खोलगट असेल तर कितीही दाबा, जाड फळी वाकत नाही.

आकडाच हवा असेल तर बिटच्या आजूबाजूच्या वीतभर भागात मी ०.१ मिमीच्या आत राहायचा प्रयत्न करतो. झेरॉक्सचा साधा कागद साधारण तेवढ्याच जाडीचा असतो. पट्टीखाली तो सरकला नाही की मी पुढे जातो. दूरच्या कोपऱ्यात पाव मिमी फरक असला तरी सोडून देतो. हवेतल्या दमटपणाने लाकूडच त्याहून जास्त फुगतं. (मधे एकदा मला ०.०५ चं वेड लागलं होतं. महिनाभर मोजमाप चाललं, कपाट तसंच राहिलं.)

पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवा. कर्णांवर ठेवल्याशिवाय पीळ कळत नाही. त्याआधी पट्टीच तपासा: तिच्या कडेने रेघ मारा, पट्टी उलटवून तीच कड त्याच रेघेला लावा आणि पुन्हा रेघ मारा. दोन रेघांमधे फट दिसली तर पट्टीची चूक तिच्या निम्मी.

राउटर ज्या प्लेटवर बसतो तिची कड वर किंवा खाली राहिली तर फळीचं टोक तिथे अडकतं आणि कामावर डाग उमटतो. नख फिरवून पाहा, अडखळलं की कोपऱ्यांचे स्क्रू फिरवा.

पुढचं टेबल मी दोन फळ्या चिकटवून ३६ मिमीचं केलं, सनमायका वरून आणि खालूनही लावला. एकाच बाजूला लावला तर फळी वाकडी होते. खाली, भोकाच्या दोन्ही बाजूंना, कडक लाकडाच्या उभ्या पट्ट्या स्क्रूने बसवल्या आणि त्यांची वरची कड रंध्याने मधे केसभर उंच ठेवली. काम संपलं की राउटर अजूनही काढून ठेवतो.