रिस्ट स्ट्रॅप लावूनही रॅमला हात लावताना चटका: माझा अनुभव

लक्षणं अशी: पीसी जोडताना स्ट्रॅप (अंगातली स्थिर वीज तारेतून अर्थकडे सोडणारा पट्टा) मनगटाला असूनही बोटाला चटका बसायचा आणि चालू पीसीच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या. सुती कपडे घातले, स्ट्रॅप नवा आणला; फरक शून्य. दोन रविवार यातच गेले.

दोष दोन निघाले. स्ट्रॅपच्या तारेची क्लिप कॅबिनेटच्या रंगावर लावली होती, आणि रंगातून वीज वाहत नाही. शिवाय सॉकेटला अर्थिंगच नव्हतं: मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल 230 व्होल्ट, फेज-अर्थ जेमतेम 40. अर्थिंग नसलं की एसएमपीएसमधल्या (पीसीच्या पॉवर सप्लायमधल्या) फिल्टर कपॅसिटरमुळे कॅबिनेटवर जवळपास निम्मा व्होल्टेज चढतो. झिणझिण्या त्याच्याच.

आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घेतलं. फेज-अर्थ 230 दिसल्यावरच पुढचं काम. मग एसएमपीएस कॅबिनेटमध्ये कसला, त्याला केबल लावली आणि क्लिप त्याच्या स्क्रूच्या उघड्या धातूला अडकवली. प्लग बाहेर असतानाच, पट्टा हातात चढवण्याआधी, त्याची आतली चकती आणि प्लगची मोठी पिन यांत मीटर धरा: सुमारे 1 मेगाओहम रोध हवा. शून्याच्या जवळ आला तर तो स्ट्रॅप फेकाच, आतला रोधक शॉर्ट आहे. शेवटी प्लग सॉकेटमध्ये, बटण बंद. बटणाने फेज तुटतो, अर्थ जोडलेलाच राहतो. रॅम पिशवीतून काढायची ती यानंतर, कडांना धरून.