सोनोराची गव्हाची तोर्तिया घरच्या तव्यावर

मेक्सिकोत बहुतेक ठिकाणी तोर्तिया, म्हणजे तिकडची पोळी, मक्याची असते. उत्तरेकडच्या सोनोरा राज्यात मात्र खेड्यापाड्यांत ती गव्हाची होते. सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी तिकडे गहू नेला. मका उन्हाळ्यातला आणि गहू हिवाळ्यातला, त्यामुळे एकाच रानात दोन्ही पिके निघू लागली. या मुलखाशी आपली ओळख जुनी आहे: 1966 साली भारताने मेक्सिकोतून बुटक्या गव्हाचे बियाणे आणले, त्यातल्या एका वाणाचे नावच सोनोरा 64 होते.

पोळ्या उत्तम करणाऱ्यांचीसुद्धा पहिली तोर्तिया बहुधा चिवट होते, कारण हात पोळीच्या सवयीने चालतो. पोळीला आधी पाणी लागते आणि तेलाचा हात शेवटी. इथे क्रम उलटा आहे. मोहन आधी, तेही भरपूर, आणि ते पिठाच्या कणाकणाला लागल्यावरच पाणी. सगळी करामत या एका गोष्टीत आहे.

साहित्य (16 तोर्तियांसाठी)

मैदा 500 ग्रॅम
डुकराची चरबी किंवा थिजलेले वनस्पती तूप 100 ग्रॅम
मीठ 10 ग्रॅम
गरम पाणी 230 ते 250 मिली

मूळ कृती चरबीची असली, तरी सोनोरातही आता कितीतरी घरांत वनस्पती तूप वापरतात. साजूक तूप चालते, फक्त ते रवाळ, थिजलेले हवे आणि चवीला तोर्तिया थोडी आपल्याकडची होते. तेल घालू नका. ते पिठात मुरून जाते आणि पापुद्रा सुटत नाही. पोळीची कणीक वापरायचीच असेल तर मैद्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत घ्या. त्याहून जास्त झाली की कोंडा पिठाची लांब तार तोडतो आणि लाटताना कडा फाटतात. सोडा किंवा बेकिंग पावडर सोनोरात घालत नाहीत. टेक्सासकडे घालतात, पण ती तोर्तिया जाड आणि फुगीर, तिची जातच वेगळी.

मोहन आणि मळणे

परातीत मैदा आणि मीठ एकत्र करा. त्यावर तुपाचे लहान लहान गोळे टाका आणि दोन्ही तळव्यांत पीठ घेऊन चोळत राहा. पाच मिनिटे तरी लागतात, घाई करू नका. पिठाचा रंग किंचित पिवळट होतो आणि ते ओलसर वाळूसारखे लागते. मूठभर घेऊन घट्ट दाबा: मुटका टिकला आणि बोटाने टोचल्यावर भुरभुरला, तर मोहन बरोबर लागले. तुपाची गुठळी राहिली तर तव्यावर ती वितळून तिथे भोक पडते.

पाणी बोट बुडवल्यावर चटका लागेल, पण बोट ठेवता येईल इतके गरम घ्या. गार पाण्याने तूप पुन्हा थिजते आणि गोळा दगडासारखा होतो. आधी 200 मिली एकदम ओता, उरलेले हाताच्या अंदाजाने. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा सैल हवा, कानाच्या पाळीइतका मऊ. आठ-दहा मिनिटे मळा. सुरुवातीला तो परातीला चिकटतो तेव्हा वर कोरडे पीठ घालायचा मोह होतो, तो आवरा. मळत राहिलात की परात आपोआप स्वच्छ होते.

विसावा

तुपाचा हात लावून 16 लाट्या करा, प्रत्येकी साधारण 50 ग्रॅमची. अशा लाटीला उत्तर मेक्सिकोत तेस्ताल म्हणतात. त्या ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा, थंडीच्या दिवसांत पाऊण तास. लाटताना तोर्तिया मागे ओढली जात असेल, तर दोष हाताचा नसतो, विसावा कमी पडलेला असतो. लाटी बाजूला ठेवून दुसरी घ्या, दहा मिनिटांनी तीच सरळ लाटली जाते.

लाटणे आणि भाजणे

आधी बोटांनी लाटी चपटी करा, मग लाटणे मधून कडेकडे न्या आणि दर वेळी तोर्तिया थोडी फिरवा. आकार 20 सेंटिमीटर, जाडी फुलक्यापेक्षा किंचित कमी. पिठी जेमतेम वापरा, मोहनामुळे ती फारशी लागतच नाही. जास्तीची पिठी तव्यावर जळते आणि पुढच्या प्रत्येक तोर्तियाला कडवट काळे ठिपके देते. दोन-तीन झाल्या की तवा कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

तवा लोखंडी, कोरडा आणि चांगला तापलेला हवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर नाचत उडून गेला पाहिजे. तोर्तिया टाकल्यावर 20-25 सेकंदांत तिचा ओला रंग पांढरट अपारदर्शक होतो आणि अंगावर मुगाएवढे फोड उठतात. तेव्हा उलटा. दुसरी बाजू अर्धा मिनिट. मोठा फुगा आला तर फडक्याने अलगद दाबा म्हणजे वाफ सगळीकडे पसरते. पुन्हा एकदा उलटून दहा सेकंद, बस्स. आच मंद असेल तर तोर्तिया भाजण्याऐवजी वाळते आणि कडक होते. ही चूक सर्वांत जास्त होते. उतरवल्याबरोबर जाड सुती फडक्यात गुंडाळा आणि एकावर एक रचत जा. आतल्या वाफेने कडा मऊ पडतात.

हातावरची सोबाकेरा

सोनोराची खरी शान म्हणजे ही मोठी तोर्तिया, व्यासाने अर्धा मीटरपर्यंत जाणारी. सोबाको म्हणजे काख. ताणताना ती हातावरून काखेपर्यंत पोहोचते म्हणून हे नाव. हिच्यात तूप कमी, पाणी जास्त, आणि लाटी तुपाच्या थराखाली किमान तासभर मुरवलेली असते. लाटणे अजिबात नाही. लाटी या हातावरून त्या हातावर झुलवत नेतात, तिच्याच वजनाने ती पातळ होत जाते, आणि मेस्कितच्या लाकडाच्या जाळावर तापलेल्या उलट्या, घुमटासारख्या लोखंडी तव्यावर पसरतात. काही सेकंदांत ती भाजून निघते. आपली वेडी बाभूळ मेस्कितच्याच गोतावळ्यातली. खानदेशात खापरावर मांडे करणाऱ्या बायकांना हे सगळे ओळखीचे वाटेल, फक्त इथे पुरण नसते. साध्या तोर्तिया पंधरा-वीस वेळा जमल्याशिवाय हिच्या वाटेला जाऊ नका.

टिकवणे आणि खाणे

पूर्ण गार झाल्यावर डब्यात ठेवा. गरम असताना झाकण लावले तर वाफेचे पाणी होऊन लगदा होतो. बाहेर दोन दिवस, फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात. पुन्हा गरम करताना पाणी शिंपडू नका, तापल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी 15 सेकंद पुरे. सोनोरात त्यांत शिजवून घोटलेला घेवडा, ताजे चीज किंवा वाळवलेल्या गोमांसाची माचाका भरतात आणि वर चिल्तेपिन चुरतात, डोंगरात रानटी उगवणारी वाटाण्याहून लहान गोल मिरची. उरलेली तोर्तिया सकाळी कॉफीबरोबर नुसतीच खातात.