हेडर बसवल्यावर चेक इंजिन लाइट लागली? सेन्सर विकत घेण्याआधी या चुका टाळा

कंपनीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून फोर-टू-वन हेडर (चार सिलिंडरचे चार पाइप एकत्र आणणारा एक्झॉस्ट) बसवला की पहिल्या काही दिवसांतच डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, ही नेहमीची तक्रार. स्कॅनर लावला की कोडच्या वर्णनात 'ओटू सेन्सर' (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) दिसतं आणि लगेच नव्या सेन्सरची ऑर्डर जाते. तिथेच गाडं चुकतं. कोडमध्ये सेन्सरचं नाव असलं तरी बऱ्याचदा तो फक्त चाडी सांगत असतो. दोष पॅकिंगमध्ये, वायरीत किंवा हेडरच्या रचनेतच असतो.

बॅटरी काढून कोड उडवणं

दिवा घालवायला बॅटरीचं टर्मिनल काढलं की कोडबरोबर फ्रीझ फ्रेम, म्हणजे त्या क्षणाची नोंदही जाते. कोड पडला तेव्हा आरपीएम किती, इंजिन किती तापलेलं, फ्युएल ट्रिम (इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो) किती, हे सगळं त्यात असतं. आधी त्याचा फोटो काढा, मगच कोड पुसा. साधा ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर आणि मोबाइल ॲप एवढ्यावर हे काम होतं. कोड पुसल्यावर रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच करायच्या चाचण्यांची नोंदही शून्यावर येते. दिवा विझला म्हणजे दुरुस्ती झाली असं समजू नका. मॉनिटर पुन्हा पूर्ण व्हायला थंड इंजिनपासून सुरुवात करून शहरात आणि हायवेवर मिळून काही फेऱ्या लागतात.

पी०१७१ दिसला की पेट्रोल कमी पडतंय असं समजणं

हेडरनंतर सगळ्यात जास्त फसवणारा कोड हाच. एक्झॉस्टमधला वायू सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने बाहेर पडतो. दोन ठोक्यांच्या मध्ये पाइपात क्षणभर दाब घटतो आणि फ्लँजला (हेडर इंजिनला बोल्टने बसतो त्या पट्टीला) फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढच्या, इंजिनजवळच्या सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मिश्रण 'लीन', म्हणजे पेट्रोल कमी असलेलं धरतो आणि पेट्रोल वाढवतो. म्हणजे कोड लीनचा, पण प्लग काढून पाहावेत तर काळे आणि ॲव्हरेज घसरलेलं. असा मेळ दिसला तर लीकच शोधा.

इंजिन गरम झाल्यावर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म ट्रिमची बेरीज आधी आयडलला पाहा, मग २५०० आरपीएमला. बेरीज साधारण अधिक-उणे १० टक्क्यांत असेल तर ठीक. आयडलला +२० आणि रेस दिल्यावर +५ असं दिसलं तर हवा कुठून तरी आत येतेय. मात्र इनटेकच्या व्हॅक्यूम लीकलाही आकडे असेच दिसतात. त्यामुळे हेडर बसवताना एखादा व्हॅक्यूम पाइप निसटला नाही ना, हे आधी तपासा. उलट रेस दिल्यावर बेरीज वाढत गेली तर इंधनाचा दाब किंवा एअरफ्लो सेन्सरकडे वळा.

लीक सापडायला गाडी रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी स्टार्ट केल्यावर पहिल्या मिनिटात फ्लँजपाशी टिक-टिक ऐकू येते, लोखंड तापून फुगलं की ती बुजते. आवाज येत नसेल तर बंद, थंड इंजिनच्या सायलेन्सरच्या टोकातून व्हॅक्यूम क्लीनरची हवा उलटी फुंका आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे जागा दाखवतात. स्वस्त हेडरचा फ्लँज वेल्डिंगच्या उष्णतेने वाकलेला असू शकतो. बसवण्याआधी त्यावर सरळ पट्टी ठेवा. खालून ०.२ मिमीची फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) सहज जात असेल तर फ्लँज सपाट करून घ्या, दोन पॅकिंग लावून भागवू नका. नट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. पहिल्यांदा इंजिन तापून पूर्ण थंड झालं की पुन्हा एकदा. ही दुसरी फेरी गाळल्यामुळेच निम्मी डोकेदुखी सुरू होते.

सांध्यावर साधा सिलिकॉन लावू नका. त्याची वाफ सेन्सरचं टोक कायमचं खराब करते, आणि मग खरंच नवा सेन्सर घ्यावा लागतो.

सीएनजी गाडी असेल तर ही सगळी तपासणी पेट्रोलवर करा. कोड फक्त गॅसवरच येत असेल तर हेडरला दोष देण्याआधी किटचं ट्युनिंग पाहा.

पी०४२० ला कॅट खराब समजणं

पी०४२० म्हणजे कॅट नीट काम करत नसल्याचा कोड. आजच्या बऱ्याच गाड्यांत कॅट, म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. मॅनिफोल्ड गेला की कॅटही गेला, मग मागच्या, कॅटनंतरच्या सेन्सरने कोड दिला तर तो अगदी खरं बोलतोय. इंजिन गरम करून २५०० आरपीएमला धरा. पुढचा सेन्सर साधा नॅरोबँड असेल तर तो ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये नाचतो आणि मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत राहतो. मागचाही सोबत नाचत असेल तर कॅट नाही किंवा निकामी आहे. मागच्या सेन्सरखाली स्पेसर लावणं किंवा कोड सॉफ्टवेअरमधून बंद करणं ही दुरुस्ती नव्हे. बीएस-६ गाडीतून कॅट काढणं बेकायदा आहे आणि पीयूसीलाही अडचण येते. कॅट जागेवर ठेवणारा हेडरच निवडा.

वायर आणि सेन्सरची जागा

पी०१३५ किंवा पी०१४१ म्हणजे सेन्सरच्या हीटरचं सर्किट. हेडरला चिकटून वायर वितळली की फ्यूज उडतो. दोन्ही कोड एकदम आले तर आधी फ्यूज पाहा. मग कनेक्टर काढून सेन्सरच्या बाजूला, सहसा एकाच रंगाच्या दोन वायरींमध्ये, ओहम मोजा. थंड सेन्सरला काही ओहम दिसायला हवेत. मीटरवर आकडाच आला नाही (सर्किट उघडं) तर हीटर तुटलेला आहे.

वायर कमी पडली तर तयार एक्स्टेन्शन घ्या. बरेच सेन्सर तुलनेसाठीची हवा वायरीतूनच घेतात, डाख देऊन जोडल्यास ती वाट बुजू शकते.

पुढचा सेन्सर चारही पाइप एकत्र येतात तिथे, कलेक्टरवर हवा. एकाच पाइपावर असला तर इसीयू एका सिलिंडरवरून चौघांचा हिशेब करतो. तो फार मागे सरकला तर तापायला वेळ लागतो आणि पी०१३३, म्हणजे संथ प्रतिसादाचा कोड येतो. टोक खाली झुकलेलं, आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर तिरकं बसवा, नाहीतर पाइपातलं पाणी त्यात साचतं. अमेरिकेत व्ही-६ किंवा व्ही-८ वर काम करणाऱ्यांनी दोन बँकांचे (सिलिंडरच्या दोन रांगांचे) कनेक्टर अदलाबदल झाले नाहीत ना, हे पाहावं: एका बँकेची ट्रिम वर आणि दुसरीची खाली पळत असेल तर बहुधा तेच झालंय.

पी०३०१ ते पी०३०४ (एखाद्या सिलिंडरमध्ये मिसफायर) पैकी एखादा आला तर त्या सिलिंडरची प्लग-वायर किंवा कॉइलचं बूट हेडरच्या झळीने भाजलंय का ते बघा.