टोकन वापरून एपीआय सुरक्षित कसा करायचा: लॉगिनपासून टेस्टिंगपर्यंत

एपीआय (ॲप आणि सर्व्हर यांना जोडणारा दुवा) लिहून झाला, ॲपमध्ये डेटा येतोय, सगळं नीट चाललंय. आता त्याचाच एंडपॉइंट, म्हणजे डेटा देणारा पत्ता, टर्मिनलमधून कर्ल या कमांडने थेट हिट करून बघा. लॉगिन न करता डेटा हातात आला तर ॲपमधली लॉगिन स्क्रीन नुसती दिखाव्याची आहे असं समजा, कारण पलीकडे आपलं ॲप आहे की भलताच कुणी बसलाय हे सर्व्हरला कळत नसतं, त्याला फक्त एक एचटीटीपी रिक्वेस्ट दिसते. म्हणून प्रत्येक रिक्वेस्टसोबत ओळख यायला लागते, ती ओळख म्हणजे टोकन. टोकन बनवून देणं तसं सोपं काम आहे आणि बरीच ट्युटोरियल्स तिथेच संपतात, पण एपीआय फुटतात ते तपासणीत राहिलेल्या फटींमुळे, त्यामुळे इथे मी तपासणीवरच जास्त लिहिणार आहे.

सुरुवात एचटीटीपीएसपासून, म्हणजे वाटेत कुणी वाचू शकणार नाही अशा एनक्रिप्टेड कनेक्शनपासून. हे नसेल तर पुढचं काहीच करू नका. आपण वापरतो ते टोकन बेअरर प्रकारचं असतं, २०१२ च्या आरएफसी ६७५० (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारे दस्तऐवज) मध्ये ते ठरवलेलं आहे, आणि त्याचा नियम म्हणजे ज्याच्या हाती ससा तो पारधी. टोकन ज्याच्याकडे, तोच युजर, सर्व्हर दुसरं काही विचारत नाही. टोकन नेहमी ऑथरायझेशन हेडरमधूनच पाठवा: बेअरर हा शब्द, एक स्पेस, मग टोकन. यूआरएलच्या क्वेरी स्ट्रिंगमध्ये टाकायचा मोह होतो, पण यूआरएल सर्व्हरच्या लॉगमध्ये जातो, प्रॉक्सीच्या लॉगमध्ये जातो, ब्राउझरच्या हिस्ट्रीत राहतो. आणि लॉगचा विषय निघालाच आहे तर आपल्या स्वतःच्या लॉगिंगमध्येही ऑथरायझेशन हेडर झाकून टाका, डीबग करताना सगळे हेडर प्रिंट केले जातात आणि ती ओळ तशीच प्रॉडक्शनला जाते.

टोकन कुठल्या प्रकारचं घ्यायचं

दोन मुख्य पर्याय आहेत. पहिला ओपेक टोकन, म्हणजे निव्वळ रँडम स्ट्रिंग, ३२ बाइट क्रिप्टोग्राफिक रँडम जनरेटरमधून काढायचे आणि डेटाबेसमध्ये त्याचा एसएचए-२५६ हॅश (ज्यावरून मूळ टोकन परत काढता येत नाही असा ठसा) ठेवायचा, मूळ टोकन ठेवायचं नाही. इथे पासवर्डसारखा मुद्दाम हळू चालणारा हॅश लागत नाही, कारण इतकी रँडम स्ट्रिंग कुणी अंदाजाने शोधून काढू शकत नाही. दुसरा जेडब्ल्यूटी (जेसन वेब टोकन), जो २०१५ च्या आरएफसी ७५१९ मध्ये आला. त्यात हेडर, पेलोड (आतली माहिती) आणि सही असे तीन भाग टिंबाने जोडलेले असतात. फायदा हा की सर्व्हरला दर वेळी डेटाबेसकडे जावं लागत नाही, सही बरोबर असली की झालं, तोटा हा की एकदा दिलेलं टोकन मुदत संपेपर्यंत चालत राहतं, मध्येच रद्द करायचं तर वेगळी सोय करावी लागते.

माझं स्पष्ट मत: एकच सर्व्हर आणि एकच डेटाबेस असेल तर ओपेक टोकन पुरतं आणि डोक्याला ताप कमी होतो. अनेक सर्व्हिसेस एकमेकांशी बोलत असतील तर जेडब्ल्यूटी घ्या. पुढचं मी जेडब्ल्यूटी धरून सांगतोय कारण चुका तिथे जास्त होतात. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, जेडब्ल्यूटीचा पेलोड एनक्रिप्ट केलेला नसतो, तो फक्त बेस६४यूआरएलमध्ये लिहिलेला असतो, कुणीही उलगडून वाचू शकतो. त्यात पासवर्ड, फोन नंबर, पत्ता असलं काही टाकायचं नाही. युजरचा आयडी, टोकन कुणी दिलं, कुणासाठी दिलं, कधी दिलं आणि कधी संपतं, एवढं भरपूर झालं.

लॉगिन

लॉगिनचा एंडपॉइंट पासवर्ड घेतो, तपासतो आणि टोकन देतो. पासवर्डचा हॅश आर्गॉन२आयडी या मुद्दाम हळू चालणाऱ्या पद्धतीने करा, बीक्रिप्टही चालतं पण ते फक्त पहिले ७२ बाइटच बघतं हे माहीत असू द्या. ईमेल चुकला काय किंवा पासवर्ड चुकला काय, मेसेज एकच द्या, नाहीतर कुठले ईमेल रजिस्टर आहेत हे बाहेरच्याला समजतं. एका मर्यादेनंतर ४२९ (खूप रिक्वेस्ट आल्या) हा कोड देऊन प्रयत्न थांबवा, आणि ही मर्यादा आयपीवरही लावा आणि अकाउंटवरही.

सहीची की, म्हणजे सही करायची गुप्त किल्ली, हा एखादा साधा शब्द नको. एचएस२५६ या सहीच्या अल्गोरिदमसाठी (यात सही करायला आणि तपासायला एकच गुप्त की असते) किमान २५६ बिट, म्हणजे ३२ बाइट, रँडम की लागते, हा स्टँडर्डमधलाच नियम आहे. की छोटी किंवा ओळखीचा शब्द असेल तर एक टोकन हातात आलं की समोरचा आपल्या मशीनवर बसून, तुमच्या सर्व्हरला हातही न लावता, की शोधत बसू शकतो, आणि सापडली की कुठल्याही युजरचं टोकन बनवू शकतो. की कोडमध्ये लिहू नका, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये किंवा सीक्रेट मॅनेजरमध्ये ठेवा. चुकून गिटमध्ये गेलीच तर पुढच्या कमिटमध्ये खोडून काही होत नाही, जुन्या हिस्ट्रीत ती दिसतेच, नवीन की बनवायची आणि जुनी बंद करायची.

तपासणी: खरं काम इथे आहे

आधी तपासणी बसवायची कुठे? प्रत्येक फंक्शनच्या वर एकेक ओळ लिहिण्यापेक्षा एक मिडलवेअर, म्हणजे मध्ये बसणारा कोड, लिहा जो सगळ्या राऊट्सच्या (एपीआयच्या पत्त्यांच्या) आधी चालेल, आणि जे एंडपॉइंट उघडे हवेत, म्हणजे लॉगिन, हेल्थ चेक वगैरे, तेवढ्यांना नाव घेऊन सूट द्या. उलटं केलं, म्हणजे सगळं उघडं ठेवून एकेक बंद करत गेलात, तर घाईत टाकलेला एखादा एंडपॉइंट उघडा राहणारच.

मिडलवेअरमध्ये टोकनची सही तपासा, आणि अल्गोरिदम कुठला हे टोकनच्या हेडरला विचारू नका, आपल्या कोडमध्ये ठरवून टाका. हे मी जोर देऊन सांगतोय कारण जेडब्ल्यूटीच्या हेडरमध्ये अल्गोरिदमचं नाव लिहिलेलं असतं आणि हेडर तर हल्लेखोराच्या हातात आहे, तो तिथे नन (none, म्हणजे सही नाही) असं लिहून सहीच काढून टाकू शकतो. २०१५ मध्ये बऱ्याच लायब्रऱ्या असं बिनसहीचं टोकन खरं मानत असल्याचं उघड झालं. त्यातलाच दुसरा प्रकार म्हणजे सर्व्हर आरएस२५६ वापरतोय, ज्यात सही प्रायव्हेट कीने होते आणि तपासणी पब्लिक कीने, त्याची पब्लिक की सगळ्यांना माहीत आहे, हल्लेखोर हेडरमध्ये एचएस२५६ लिहितो आणि तीच पब्लिक की सीक्रेट म्हणून वापरून सही करतो, सर्व्हरने हेडरवर विश्वास ठेवला की टोकन पास. कोडमध्ये एकच अल्गोरिदम पक्का केला की दोन्ही रस्ते बंद होतात.

लायब्ररीचं फंक्शनही नीट बघून घ्या. नोडच्या जेसनवेबटोकन पॅकेजमध्ये डीकोड नुसतं वाचतं, सही तपासत नाही, तपासणारं फंक्शन व्हेरिफाय आहे. पायथनच्या पायजेडब्ल्यूटीमध्ये मात्र डीकोडच सही तपासतं. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आलेला माणूस इथे हमखास गोंधळतो.

सहीनंतर मुदत तपासा, दोन सर्व्हरची घड्याळं थोडी मागेपुढे असतात म्हणून ३० ते ६० सेकंदांची सवलत ठीक आहे, त्याहून जास्त नको. मग टोकन देणारा आपलाच आहे का आणि ते आपल्याच सर्व्हिससाठी आहे का हे बघा. हे शेवटचं बरेच जण सोडून देतात, मग एका सर्व्हिससाठी दिलेलं टोकन दुसरीकडेही चालतं. यातलं काहीही चुकलं तर ४०१ (ओळख पटली नाही) हा कोड द्या, आणि ओळख पटली पण परवानगी नसेल तर ४०३.

एवढं करूनही एक मोठं भोक राहतं. टोकन खरं आहे, युजर खरा आहे, पण त्याने यूआरएलमध्ये स्वतःच्या ऑर्डरच्या आयडीऐवजी दुसऱ्याचा आयडी टाकला तर? टोकन तर पास होणार. ओवॅस्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या एपीआय धोक्यांच्या यादीत २०१९ ला आणि परत २०२३ लाही पहिला नंबर याच प्रकाराचा होता. उपाय साधा आहे पण प्रत्येक ठिकाणी करावा लागतो: डेटाबेसच्या क्वेरीतच ऑर्डरच्या आयडीसोबत मालकाचा आयडी टाका, आणि तो मालकाचा आयडी टोकनमधून घ्या, रिक्वेस्टच्या बॉडीतून कधीच नाही. दुसऱ्याची ऑर्डर मागितली तर ४०४ (सापडलं नाही) दिलेलं बरं, म्हणजे ती ऑर्डर आहे की नाही हेही कळत नाही.

मुदत, रिफ्रेश आणि लॉगआउट

ॲक्सेस टोकन, म्हणजे आतापर्यंत बघितलेलं प्रत्येक रिक्वेस्टसोबत जाणारं टोकन, ५ ते १५ मिनिटांचं ठेवा. सारखं लॉगिन करायला लागू नये म्हणून सोबत एक रिफ्रेश टोकन (ते दाखवून नवीन ॲक्सेस टोकन घेता येतं) द्या, ते ओपेक असू द्या आणि त्याचा हॅश डेटाबेसमध्ये. प्रत्येक वापरानंतर जुनं रद्द करून नवीन द्यायचं, आणि रद्द झालेलं टोकन परत आलं तर चोरी झाली असं धरून त्या लॉगिनची सगळी टोकन्स बंद करायची. फक्त एक सांभाळा, दोन टॅब एकाच वेळी रिफ्रेश करायला गेले तर हाच नियम चांगल्या युजरला बाहेर काढतो, म्हणून क्लायंटमध्ये एका वेळी एकच रिफ्रेश जाईल अशी सोय करा. लॉगआउटला रिफ्रेश टोकन डेटाबेसमधून रद्द करा, नुसतं ब्राउझरमधून पुसणं म्हणजे लॉगआउट नव्हे.

ब्राउझरमध्ये रिफ्रेश टोकन लोकल स्टोरेजमध्ये ठेवू नका, पेजवर घुसलेली कुठलीही स्क्रिप्ट ते वाचू शकते. एचटीटीपीओन्ली, सिक्युअर आणि सेमसाइट लावलेली कुकी वापरा, आणि कुकी आली की सीएसआरएफचा (दुसरी साइट युजरच्या नकळत त्याच्या कुकीसह रिक्वेस्ट पाठवते त्याचा) बंदोबस्तही करावा लागतो हे विसरू नका. मोबाइलवर आयओएसचं कीचेन आणि अँड्रॉइडचं कीस्टोअर आहेच.

टेस्ट

टोकनशिवाय हिट करा. पेलोडमधलं एक अक्षर बदलून हिट करा. मुदत संपलेलं, अल्गोरिदम नन केलेलं, दुसऱ्या सर्व्हिससाठी दिलेलं, सगळी टोकन्स एकेक पाठवून बघा, प्रत्येकाला ४०१ यायला हवं. दोन टेस्ट युजर बनवा आणि एकाच्या टोकनने दुसऱ्याचा डेटा मागा, वाचायला, बदलायला आणि डिलीट करायला, तिन्ही. शिवाय एक ऑटोमॅटिक टेस्ट लिहा जी फ्रेमवर्ककडून सगळ्या राऊट्सची यादी घेते, सूट दिलेले सोडून प्रत्येकाला टोकनशिवाय हिट करते आणि ४०१ आलं नाही तर फेल होते. ती सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर टेस्ट आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेत) टाकून ठेवली की उद्या कुणी नवीन राऊट तपासणीविना जोडला तर तो प्रॉडक्शनला पोचायच्या आधीच बिल्ड अडतं.