कॅलिफोर्नियात ‘लाइव्ह स्कॅन’ करून घेताना

मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना आपल्या कर्मचाऱ्यांची आणि नियमित स्वयंसेवकांची पार्श्वभूमी बोटांच्या ठशांवरून तपासून घेणे बंधनकारक करणारा एबी ५०६ हा कायदा कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेली आणि मुलांशी महिन्याला १६ किंवा वर्षाला ३२ तासांहून अधिक काळ थेट संबंध येणारी व्यक्ती या कायद्याच्या दृष्टीने नियमित स्वयंसेवक ठरते. मराठी शाळेत दर रविवारी दोन तास शिकवणारे पालक सतराव्या रविवारीच ही मर्यादा ओलांडतात. त्यामुळे शाळेने ठसे मागितले, तर त्यात आपल्यावरचा अविश्वास शोधू नये. मुले ज्यांच्या हाती सोपवली जातात, त्यांची तपासणी व्हायलाच हवी.

बोटांचे ठसे शाईऐवजी काचेवर घेऊन ते राज्याच्या न्याय विभागाकडे थेट संगणकाद्वारे पाठवण्याच्या या पद्धतीला लाइव्ह स्कॅन म्हणतात. प्रत्यक्ष ठसे देण्यास फारसा वेळ लागत नाही. काम अडते ते बहुधा कागदावर. त्यासाठी लागणारा ‘बीसीआयए ८०१६’ हा अर्ज इंटरनेटवर सहज मिळतो, पण तो तेथून कोरा उतरवून घेऊ नये. संस्थेची ओळख पटवणारा ओआरआय क्रमांक, तिचा टपाल संकेतांक (मेल कोड), अर्जाचा प्रकार आणि तपासणी केवळ राज्यपातळीवर हवी की एफबीआयकडूनही हवी, हे सारे आधीच भरलेला अर्ज संस्थेकडूनच मागून घ्यावा. ओआरआय क्रमांक चुकला, तर निकाल भलत्याच संस्थेकडे जातो; तो तेथून वळवून घेता येत नाही आणि पुन्हा पैसे भरून पुन्हा ठसे द्यावे लागतात. अर्जाच्या तीन प्रती न्याव्यात, कारण एक ठसे घेणाऱ्याकडे राहते, एक संस्थेला द्यायची असते आणि एक आपल्यासाठी असते.

नावाच्या रकान्यात मराठी माणसाने विशेष काळजी घ्यावी. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव मधले नाव म्हणून लागते, आणि ते पासपोर्टवर एका प्रकारे तर ड्रायव्हिंग लायसन्सवर दुसऱ्या प्रकारे लिहिलेले असू शकते. जे ओळखपत्र दाखवणार, त्याच्याशी अर्जावरील नाव अक्षरशः जुळले पाहिजे. लग्नानंतर ज्यांचे आडनाव, आणि काही घरांत तर पहिले नावही, बदलले आहे, त्यांनी पूर्वीचे संपूर्ण नाव ‘इतर नावे’ या रकान्यात न चुकता लिहावे. उंची फूट-इंचांत आणि वजन पौंडांत लिहायचे असते.

ठसे घेणाऱ्या अधिकृत केंद्रांची जिल्हावार यादी राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या संकेतस्थळावर आहे. त्यात पोलीस व शेरीफ कार्यालये आहेत आणि खासगी दुकानेही. काही ठिकाणी वेळ ठरवून जावे लागते, म्हणून आधी फोन करावा आणि त्याच वेळी कोणते ओळखपत्र चालेल व पैसे कसे स्वीकारतात, हेही विचारून घ्यावे. मुदत संपलेले ओळखपत्र चालत नाही. नोकरीसाठीच्या नेहमीच्या तपासणीत राज्याचे शुल्क ३२ डॉलर आणि एफबीआयचे १७ डॉलर असते, आणि ठसे घेण्याची फी प्रत्येक केंद्र स्वतः ठरवते. स्वयंसेवकांना शुल्कात सवलत असू शकते, तसेच काही संस्था खर्च स्वतः उचलतात. त्यामुळे खिशातून पैसे काढण्यापूर्वी संस्थेला विचारावे.

भांडी घासून, साबण-ब्लीच हाताळून किंवा वयोमानाने बोटांवरील रेषा पुसट झालेल्या असतील, तर आधीचे काही दिवस हातांना नियमित क्रीम लावावे. मात्र ठसे देण्याच्या लगेच आधी तेलकट काही लावू नये. बोटाला ताजी जखम असेल, तर ती भरेपर्यंत थांबावे. बोटांच्या टोकांवर गडद मेंदी असेल, तर तीही फिकी होऊ द्यावी. यंत्रापाशी हात सैल सोडावा आणि बोट फिरवण्याचे काम ठसे घेणाऱ्यावर सोपवावे, कारण आपण स्वतः जोर लावला की रेषा फाकतात.

निघण्यापूर्वी आपल्या प्रतीवर एटीआय क्रमांक, म्हणजे आपल्या तपासणीचा क्रमांक, लिहिला आहे ना, हे पाहावे. हा क्रमांक आणि जन्मतारीख यांच्या आधारे न्याय विभागाच्या संकेतस्थळावर तपासणी कुठवर आली ते कळते. ठशांशी गुन्ह्याची कोणतीही नोंद जुळली नाही, तर संस्थेकडे उत्तर बहुधा ४८ ते ७२ तासांत जाते. नोंद जुळली, तर न्याय विभागाचे कर्मचारी ती स्वतः तपासतात आणि न्यायालयाचा निकाल नोंदीत नसेल तर तो मागवतात. त्यामुळे विलंब म्हणजे नकार नव्हे. ठसे अस्पष्ट म्हणून परत आले, तर तसे कळवणारे पत्र आणि मूळ अर्जाची प्रत घेऊन त्याच केंद्रात जावे. एफबीआयने दोनदा ठसे नाकारले, तर नावावरून तपासणी करण्याची विनंती संस्था ७५ दिवसांच्या आत करू शकते.

निकाल आपल्या हाती येत नाही, तो संस्थेकडेच जातो, आणि एका संस्थेचा निकाल दुसरीला चालत नाही. म्हणून मराठी शाळेसाठी ठसे दिलेल्या शिक्षिकेला सार्वजनिक शाळेत मदतीला जाताना ते पुन्हा द्यावे लागतात. स्वतःची नोंद पाहायची असेल, तर ‘बीसीआयए ८०१६आरआर’ हा वेगळा अर्ज आहे. त्याचे राज्याचे शुल्क २५ डॉलर असून ठसे घेण्याची फी वेगळी पडते. न्याय विभाग ठसे जपून ठेवतो आणि त्या व्यक्तीला पुढे कधी अटक झाल्यास संस्थेला कळवतो. त्यामुळे शाळेचे काम सोडताना, आपल्याविषयीच्या सूचना यापुढे नकोत असे न्याय विभागाला कळवण्यास संस्थेला लेखी सांगावे.